चकलीचा भाव, कापसाचा पैसा आणि दहावीतलं निश्चयक



मागच्या बॅचमध्ये फराळाचा धंदा करणाऱ्या एका ताईंनी मला भर वर्गात विचारलं, "सर, ते बारावीला मॅट्रिक्स का काय असते, त्याचा धंद्यात काही उपयोग आहे का हो? माझी पोरगी रात्रंदिवस तेच घेऊन बसते, आणि इकडे चकल्या तळाले कोणी नाही." सगळी बॅच हसली. मीही हसलो आणि विषय पुढे नेला.

पण गाडीवर घरी येताना डोक्यात तेच चाललं होतं. ह्याच चौकोनी कोष्टकाने मला चकलीच्या भावात वाचवलं होतं. आणि एकदा मी ते मांडलंच नाही, म्हणून बायकोची पोत गहाण पडली होती. पोतीची गोष्ट रविवारच्या व्हिडिओत सांगितली, पण बारा मिनिटांत आकडेमोड दाखवता आली नाही. ती इथे करू. वही-पेन घेऊनच वाचा, मोबाईलवर नुसतं सरकवून उपयोग नाही.

आधी एवढंच लक्षात ठेवा. आकड्यांचं कोष्टक म्हणजे मॅट्रिक्स, शुद्ध मराठीत आव्यूह. ओळी जितक्या तितकेच रकाने असले की ते चौरस मॅट्रिक्स. 'मॅट्रिक्स' हा शब्द गणितात १८५० साली जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टर नावाच्या इंग्रज गणितज्ञाने आणला, पण तसली कोष्टकं लोक त्याच्या कितीतरी आधीपासून मांडत होते. आपण दहावीच्या बीजगणितात एकसामयिक समीकरणं सोडवताना 'निश्चयक' काढायचो आठवतं? क्रेमरची पद्धत? तो क्रेमर जिनिव्हाचा, आणि त्याचं पुस्तक १७५० चं. चार आकड्यांचं ते खोकं म्हणजे दोन बाय दोनचं चौरस मॅट्रिक्सच. मी दहावीला ते पाठ करून चार मार्क घेतले. बीबीएला बिझनेस मॅथ्समध्ये पुन्हा तेच आलं, पास झालो, विसरलो.

चकली जोरात खपत होती

किराणा दुकान चालवताना पहिल्यांदा फराळाचा प्रयोग केला तेव्हाची गोष्ट. सामान माझं, तळायचं काम बचत गटातल्या बायांकडे. चिवडा आणि चकली एकाच दिवशी, एकाच चुलीवर, एकाच तेलाच्या डब्यातून. संध्याकाळी हिशोब केला की एकच आकडा यायचा. १० किलो चिवडा, ५ किलो चकली, मिळून खर्च ३,१०० रुपये.

मी काय केलं? ३,१०० भागिले १५. किलोमागे २०७ रुपये पडले. वर ३३ रुपये मार्जिन ठेवून दोन्ही पदार्थ २४० ला लावले. सोपं काम.

चकली धडाधड संपायची. महिन्याला ६० किलो चकली आणि ३० किलो चिवडा जाऊ लागला. मला वाटलं, धंदा लागला बाप्पा! माझ्या हिशोबाने ९० किलोवर २,९७० रुपये सुटायला पाहिजे होते. गल्ल्यात सुटत होते सहाशे. दोन महिने मी पोऱ्यावर संशय घेतला. त्याची माफी नंतर मागितली, पण तो शब्द परत घेता येत नाही, हेही सांगून ठेवतो.

खर्चाची गाठ सुटत नव्हती कारण माझ्याकडे अज्ञात दोन होते, चिवड्याचा खरा खर्च आणि चकलीचा खरा खर्च, आणि माहिती एकच होती. दोन अज्ञातांना दोन वेगळ्या माहित्या लागतात. कोष्टक चौरस असावं लागतं ते ह्याचसाठी. मग मी दुसऱ्या एका दिवसाचा हिशोब शोधला. त्या दिवशी ६ किलो चिवडा आणि ८ किलो चकली झाली होती, खर्च ३,१६०.

आता खोकं मांडा:

१०  ५
६  ८

निश्चयक म्हणजे तिरका गुणाकार वजा दुसरा तिरका गुणाकार. १० गुणिले ८ म्हणजे ८०, ५ गुणिले ६ म्हणजे ३०, फरक ५०.

चिवड्यासाठी पहिला रकाना काढून त्या जागी खर्चाचे आकडे टाका. ३,१०० गुणिले ८ वजा ५ गुणिले ३,१६०, म्हणजे २४,८०० वजा १५,८००, म्हणजे ९,०००. त्याला ५० ने भागा. चिवडा १८० रुपये किलो.

चकलीसाठी दुसरा रकाना बदला. १० गुणिले ३,१६० वजा ६ गुणिले ३,१००, म्हणजे १३,०००. भागिले ५०. चकली २६० रुपये किलो!

मी २६० ची चकली २४० ला विकत होतो. गिऱ्हाईक काही वेडं नसतं. जी वस्तू तुम्ही तोट्यात देता तीच त्याला आवडते. ६० किलोवर बाराशे रुपये जात होते आणि चिवड्याचे अठराशे येत होते, म्हणून वर सहाशे उरत होते. सरासरीच्या भावाने दोन वस्तू विकल्या की एकीचं नुकसान दुसरीच्या नफ्याखाली दडून बसतं. पुढच्या आठवड्यापासून चकली ३२० आणि चिवडा २२५. चकलीचा खप अर्ध्यावर आला आणि पैसे दिसायला लागले.

(इथे एक सोय मी गृहीत धरली आहे. किलोमागचा खर्च दोन्ही दिवशी सारखाच होता असं धरलंय. गॅसचा भाव किंवा तेलाचा डबा मध्येच बदलला असेल तर हा हिशोब चालणार नाही. एकाच आठवड्यातले दिवस घ्या.)

आता खरी गंमत. समजा दुसऱ्या दिवशी तुम्ही २० किलो चिवडा आणि १० किलो चकली केली. निश्चयक काढा: १० गुणिले १० वजा ५ गुणिले २०. शून्य! आणि शून्याने भागता येत नाही. दहावीला आपण "उत्तर काढता येत नाही" एवढं लिहून पुढे जायचो. धंद्यात त्याचा अर्थ असा की दुसरं बिल म्हणजे पहिल्याच बिलाची दुप्पट आहे, त्यात नवीन माहिती काहीच नाही. असली शंभर बिलं गोळा केली तरी चकलीचा खर्च कळणार नाही.

आणि शून्याच्या जवळचं निश्चयक तर शून्यापेक्षा वाईट, कारण ते उत्तर देतं. २१ किलो चिवडा, १० किलो चकली असा दिवस घेतला तर खरा खर्च येतो ६,३८०. तुम्ही घाईत ५० रुपये जास्त लिहिले, ६,४३०. निश्चयक येतं वजा ५. सोडवून बघा, चिवडा २३० रुपये आणि चकली १६०! पन्नास रुपयांच्या चुकीने सगळं उलटंपालटं. तीच पन्नासची चूक माझ्या पहिल्या खोक्यात, ३,१६० च्या जागी ३,२१०, केली असती तर चिवडा १७५ आणि चकली २७० आली असती. थोडं चुकलं असतं, पण निर्णय बिघडला नसता.

म्हणून मी बॅचमध्ये सांगतो की खर्च वेगळा काढायचा असेल तर मुद्दाम एक दिवस प्रमाण मोडून माल बनवा. एक दिवस चिवडा जास्त, एक दिवस चकली जास्त. तीन पदार्थ असतील तर तीन वेगळे दिवस आणि तीन बाय तीनचं खोकं. ते हाताने करत बसू नका. एक्सेल किंवा गुगल शीटमध्ये 'एमडिटर्म' हे सूत्र निश्चयक देतं, 'एमइन्व्हर्स' आणि 'एममल्ट' मिळून उत्तर देतात.

एकाच विहिरीवर दोन मोटारी

आता पोतीची गोष्ट.

२०२१-२२ च्या हंगामात कापसाने काय केलं ते यवतमाळ जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ६,०२५ रुपये होता आणि बाजारात क्विंटलला दहा हजारांच्या वर भाव गेला. लोकांनी उधाऱ्या फेडल्या, गाड्या घेतल्या, घरावर स्लॅब टाकले. माझ्या दुकानात जुनी उधारी, जी मी मनातून सोडून दिली होती, तीही आली. हातात पैसा, डोक्यात हवा. २०२२ च्या दसऱ्याला मी दुसरं शटर घेतलं आणि कपड्याचं दुकान टाकलं. पतसंस्थेचं चार लाखांचं कर्ज, तेरा हजारांवर हप्ता.

मी स्वतः लोकांना शिकवत होतो, "एकाच धंद्यावर अवलंबून राहू नका." म्हणून दोन धंदे केले. किराणा वेगळा, कपडा वेगळा. तत्त्व पाळलं की नाही?

बाबांनी उद्घाटनाच्या दिवशीच सांगितलं होतं, "एकाच विहिरीवर दोन मोटारी सोडल्या तुनं. विहीर आटली का दोन्ही बंद." मला ते जुन्या माणसाचं बोलणं वाटलं.

पुढच्या हंगामात भाव उतरले. भाव वाढतील म्हणून लोकांनी कापूस घरात भरून ठेवला. मग जुलै २०२३ मध्ये जी अतिवृष्टी झाली ती तुम्ही पाहिली आहे. महागाव तालुक्यातल्या आनंदनगरच्या लोकांसाठी हेलिकॉप्टर मागवावं लागलं होतं. आमच्या सहा एकरांतही दुबार पेरणी आली. त्या तीन महिन्यांत किराण्यात माल उधारीवर जात होता आणि कपड्याच्या दुकानात मी आणि पोऱ्या दोघंच बसून असायचो. ऑगस्टमध्ये हप्त्यासाठी पोत गहाण ठेवली. बायको काही बोलली नाही. तेच जास्त लागलं.

त्या पावसाळ्यात रिकाम्या दुकानात बसून मी जे कोष्टक मांडलं ते एक वर्ष आधी मांडायला पाहिजे होतं. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत. सगळे हजारात, महिन्याचे, भाडं आणि पगार वजा करून गल्ल्यात खरोखर हाती आलेले. उधारी धरलेली नाही.

किराणा: ऑक्टोबर ते डिसेंबर ५०, जानेवारी ते मार्च ४४, एप्रिल ते जून ३६, जुलै ते सप्टेंबर ३०. सरासरी ४०.
कपडा: त्याच क्रमाने ३२, २२, २०, ६. सरासरी २०.

दोन्हींची सरासरी ६० हजार. घरखर्च २८ आणि हप्ता १३, म्हणजे ४१. सरासरी बघितली तर मी राजा होतो. पण जुलै ते सप्टेंबर ३० आणि ६ मिळून ३६ झाले. दर महिन्याला पाच हजारांचा खड्डा, आणि वरून बी-खताचा दुसऱ्यांदा खर्च.

आता प्रत्येक आकड्यातून त्याची सरासरी वजा करा. किराणा: +१०, +४, −४, −१०. कपडा: +१२, +२, ०, −१४. किराण्याच्या फरकांचे वर्ग करून बेरीज केली की २३२ येते, चारने भागून ५८. याला व्हेरियन्स म्हणतात, म्हणजे धंदा सरासरीभोवती किती हेलकावे खातो त्याचं माप. कपड्याचा ८६. मग दोघांचे फरक एकमेकांशी गुणा: १२० अधिक ८ अधिक ० अधिक १४०, म्हणजे २६८, चारने भागून ६७. हा कोव्हेरियन्स. दोघं बरोबर वर जातात आणि बरोबर खाली येतात का, ते हा आकडा सांगतो. (काही पुस्तकांत चारऐवजी तीनने भागतात. तुलनेला फरक पडत नाही, फक्त सगळीकडे एकच ठेवा.)

चौरस मॅट्रिक्स तयार:

५८  ६७
६७  ८६

कर्णावर, म्हणजे डावीकडून वरून उजवीकडे खाली, प्रत्येक दुकानाचा स्वतःचा हेलकावा. आडव्या कोपऱ्यांत दोघांचं नातं. किराण्याचं कपड्याशी नातं आणि कपड्याचं किराण्याशी नातं एकच, म्हणून दोन्ही कोपरे सारखे. आणि दोन्ही दुकानं मिळून एकूण हेलकावा किती? चारही घरांची बेरीज: २७८. त्याचं वर्गमूळ सोळा-सतराच्या मध्ये, म्हणजे महिन्याला सोळा-सतरा हजारांचं वर-खाली. एकट्या किराण्यात ते साडेसात हजारांच्या आसपास होतं. दुसरं दुकान टाकून मी धोका वाटून घेतला नव्हता. दुपटीच्या वर नेला होता. आणि बघा, २७८ मधले १३४ नुसते त्या दोन आडव्या कोपऱ्यांतून आले.

कारण काय? दोन्ही दुकानांचं गिऱ्हाईक एकच, आणि त्याच्या खिशातला पैसा कापसाचा. दिवाळीत आणि लग्नसराईत कपडे घेतो तो वेचणीच्या पैशातून, किराण्याची उधारी देतो तोही त्याच पैशातून. आपल्या बाजारपेठेत एक फेरी मारा. कृषी केंद्र, सराफ, मोटारसायकलचं शोरूम, सिमेंट-लोखंडाचं दुकान, पाट्या वेगळ्या पण विहीर एकच. बाबांना कोव्हेरियन्स हा शब्द माहीत नव्हता, बस.

मग मी तिसरा रकाना मांडून बघितला. मित्राचं कॉलेजजवळ झेरॉक्स, वह्या-पुस्तकं आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान आहे, त्याने आकडे दिले: ७, १३, २१, १९. सरासरी १५, कपड्यापेक्षा पाच हजारांनी कमी. आधी मी ह्याच कारणाने तो धंदा नाकारला होता. फरक काढा: −८, −२, +६, +४. व्हेरियन्स ३०. किराण्याशी कोव्हेरियन्स: वजा ८०, वजा ८, वजा २४, वजा ४०, एकूण वजा १५२, चारने भागून वजा ३८.

५८  −३८
−३८  ३०

चारही घरांची बेरीज १२! हेलकावा साडेतीन हजारांचा, म्हणजे एकट्या किराण्याच्याही निम्म्याहून कमी. शाळा-कॉलेजचे प्रवेश नेमके तेव्हा असतात जेव्हा शेतात पैसा टाकायचा असतो आणि बाजार झोपलेला असतो. दोन्ही दुकानं मिळून ५७, ५७, ५७ आणि ४९. सरासरी ५५, कपड्यापेक्षा पाच हजार कमी. पण सगळ्यात वाईट तिमाहीतही ४१ चा खर्च निघतो. हप्ता सरासरीतून भरायचा नसतो, तो त्या महिन्याच्या गल्ल्यातून भरायचा असतो.

अमेरिकेत हॅरी मार्कोविट्झने १९५२ साली शेअरच्या बाबतीत हेच मांडलं आणि त्यावर त्यांना १९९० चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यातली एक गोष्ट मला फार पटते. पाच धंदे असतील तर मॅट्रिक्समध्ये २५ घरं. कर्णावर फक्त पाच, बाकीची वीस घरं नात्यांची. धंदे वाढवत गेलात की एकेक धंदा कसा आहे यापेक्षा ते एकमेकांशी कसे वागतात हेच मोठं होत जातं.

पण हे डोळे झाकून वापरू नका. एका वर्षाचे चार आकडे हंगामाचं वर-खाली दाखवतात, दुष्काळाचं नाही. पीकच गेलं तर वह्याही कमी विकल्या जातील, तेव्हा तो वजा ३८ टिकेलच असं नाही. निदान तीन वर्षांची वही घ्या. आणि मित्राचे आकडे घेताना त्याच्या शेजारी बसून गल्ला मोजा, कारण सगळे नफा सांगताना थोडा वाढवून सांगतात. मीही सांगायचो.

कपड्याचं दुकान मी डिसेंबर २०२३ मध्ये आवरलं. उरलेला माल ठोकमध्ये पडेल भावात गेला. त्याच शटरमध्ये आता झेरॉक्सची मशीन आहे. पोत परत यायला पुढचा जून लागला, म्हणजे प्रवेशाचा हंगाम.

नेरच्या बाजारात बरणी

तिसरी गोष्ट थोडक्यात. ती मात्र अभिमानाची आहे, आणि थोडी आपल्या विदर्भाचीही.

चिवड्याचं पॅकिंग ठरवायचं होतं. अ म्हणजे साधी पारदर्शक पिशवी, ब म्हणजे छापील पाऊच, क म्हणजे प्लास्टिकची बरणी. दारव्हा, दिग्रस, नेर अशा तीन आठवडी बाजारांत स्टॉल लावणार होतो. सगळे करतात तसं केलं असतं तर एका बाजारात एक पॅकिंग ठेवलं असतं. पण दिग्रसला गर्दीच जास्त. मग तिथे ठेवलेलं काहीही जिंकणार! आठवडेही सारखे नसतात. एखाद्या आठवड्यात लोकांच्या हातात मजुरी आलेली असते, एखाद्यात पाऊस असतो.

म्हणून असा चौरस केला, ओळी आठवड्यांच्या, रकाने दारव्हा, दिग्रस, नेर:

अ  ब  क
ब  क  अ
क  अ  ब

प्रत्येक पॅकिंग प्रत्येक बाजारात एकदा आणि प्रत्येक आठवड्यात एकदा. याला लॅटिन चौरस म्हणतात. शेतातल्या प्रयोगांत तो रुळवला इंग्लंडच्या आर. ए. फिशर यांनी, कारण वावराचा एक कोपरा भारी आणि एक हलका असतो, आणि बियाण्याचा गुण कोणता आणि जमिनीचा कोणता हे वेगळं काढायचं असतं. आपल्याकडे हे शास्त्र शेतीत आणणाऱ्यांत विनायक गोविंद पानसे यांचं नाव मोठं. ते इंदूरला कापसावर संशोधन करायचे, आणि १९४० च्या दशकात त्यांनी कळमकरांबरोबर आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यात कापसाच्या उत्पन्नाचा अंदाज नमुना-पाहणीने काढण्याचं काम केलं. पानसे आणि साताऱ्याकडचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी मिळून लिहिलेलं पुस्तक १९५४ साली आलं. कृषीच्या पोरांना अजूनही विचारा, 'पानसे-सुखात्मे' म्हटलं की ओळखतील.

माझे आकडे असे आले, विकलेली पाकिटं:

३७  ५५  २८
५४  ५७  ३३
२९  ३८  २९

नुसता दुसरा आठवडा बघितला असता तर दिग्रसमधली बरणी ५७ वर, सगळ्यात पुढे. मी हजार बरण्यांची ऑर्डर देऊन मोकळा झालो असतो. आता अक्षराप्रमाणे बेरीज करा. अ: ३७, ३३, ३८, एकूण १०८. ब: ५५, ५४, २९, एकूण १३८. क: २८, ५७, २९, एकूण ११४. पाऊच स्पष्ट पुढे. बरणीचे ५७ बरणीचे नव्हतेच, ते दिग्रसचे आणि त्या आठवड्याचे होते.

पॅकिंगबरोबर भावही तपासायचा असेल, ५०, ५५, ६०, तर ह्याच चौरसावर भावांचा दुसरा चौरस असा बसवता येतो की प्रत्येक पॅकिंगची प्रत्येक भावाशी एकदाच गाठ पडेल. ५० चा भाव पहिल्या आठवड्यात दारव्ह्याला, दुसऱ्यात दिग्रसला, तिसऱ्यात नेरला. ५५ चा दिग्रस, नेर, दारव्हा. ६० चा नेर, दारव्हा, दिग्रस. कागदावर मांडून तपासा, जमतं.

असे दोन चौरस एकावर एक बसवायचं कोडं लिओनार्ड ऑयलर या थोर गणितज्ञाने १७८२ साली घातलं होतं. सहा रेजिमेंट, सहा हुद्दे, ३६ अधिकारी, सहा बाय सहाच्या चौकोनात उभे करा. त्याला जमलं नाही. त्याने अंदाज केला की ६, १०, १४, १८ अशा आकारांत हे कधीच जमणार नाही. सहाचं जमत नाही हे १९०१ साली गॅस्टन टारी यांनी सिद्ध केलं, आणि सगळ्यांना वाटलं बाकीचंही खरंच असणार. १९५९ साली तिघांनी हा अंदाज मोडला: राज चंद्र बोस, अर्नेस्ट पार्कर आणि आपले शरदचंद्र शंकर श्रीखंडे. दहाचा चौरस बसतो, आणि २ व ६ सोडून सगळेच बसतात. एप्रिल १९५९ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ही बातमी पहिल्या पानावर छापली होती. श्रीखंडे जन्माने सागरचे, पण शिकले नागपूरला आणि अमेरिकेत जाण्याआधी नागपूरच्याच सायन्स कॉलेजात शिकवायचे. नंतर मुंबई विद्यापीठात गणिताचे विभागप्रमुख झाले. २०२० मध्ये गेले तेव्हा वय १०२. जवळपास पावणेदोनशे वर्षं ज्याला कुणी धक्का लावला नाही तो अंदाज मोडणाऱ्यांत आपल्याकडचा एक मास्तर होता, आणि आपल्या बॅचमध्ये एकालाही ते नाव माहीत नव्हतं. मलाही, तीन वर्षांपूर्वीपर्यंत.

त्या ताईंना मी नंतर फोन केला. त्यांच्याकडे शंकरपाळे, चकली आणि शेव, तिन्ही एकाच कढईतून निघतात आणि भाव तिघांचा एकच लावलेला. म्हटलं, पोरीला म्हणा ह्या आठवड्यात तीन दिवस तीन वेगळ्या प्रमाणात माल करायचा आहे, संध्याकाळी खर्च तिनेच लिहायचा. त्या म्हणाल्या, "म्हणजे अखेर ती तळाले येईन तर!" त्यांचं तीन बाय तीनचं खोकं आलं की, त्यांची हरकत नसेल तर, पुढच्या रविवारी व्हिडिओत शीट उघडून सोडवू. तुमच्याकडे दोन धंद्यांचे महिनेवार आकडे असतील तर तेही घेऊन बसा.